मूळव्याध आहे हे ठरवलं कुणी?

मा. संपादक यांस,

तुमच्या पेपरात आतल्या पानावर त्या छोट्या चौकटी रोज येतात, मूळव्याध, भगंदर, फिशर, एकाच बैठकीत कायमचं बरं, चिरफाड नाही, दुखणं नाही, लेसरने वगैरे. त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मी सर्जरीच्या ओपीडीत आणि वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली, आता रिटायर आहे. डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण प्रोक्टोस्कोपीच्या, म्हणजे छोटी नळी घालून गुदमार्ग आतून बघायच्या तपासणीच्या टेबलाशेजारी उभं राहण्यात बरीच वर्षं गेली त्यामुळे या विषयाची लाज वगैरे काही शिल्लक राहिलेली नाही. जाहिरात छापायची की नाही हा तुमच्या धंद्याचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती चौकट वाचून फोन फिरवणारा माणूस आपल्याला मूळव्याधच आहे हे घरबसल्या ठरवून मोकळा झालेला असतो, आणि बहुतेक वेळा तोपर्यंत त्याला कुणी एकदाही तपासलेलं नसतं.

ओपीडीत पण तेच. पेशंट आत येतो, खुर्चीवर बसायच्या आधीच सांगतो, सिस्टर पाईल्स झालाय, औषध लिहून द्यायला सांगा. कशावरून म्हणता विचारलं की एक म्हणतो रक्त पडतं, दुसरा म्हणतो संडासला गेल्यावर दोन-दोन तास आग होते, तिसरी म्हणते हाताला काहीतरी कोंब लागतो, चौथ्याला नुसती खाज असते आणि चड्डीला डाग पडतात. आता हे चार वेगळे आजार असू शकतात आणि त्यांचे उपचार एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत, पण चौघांनीही मेडिकलमधून तीच ट्यूब आणलेली असते, आणि वर कुणीतरी सांगितलेलं काहीतरी पोटात घेणं चालू असतंच.

मूळव्याध म्हणजे काय हे आधी नीट सांगते कारण त्यात बऱ्याच जणांचा घोटाळा असतो. गुदद्वाराच्या आत मऊ उशीसारखे तीन उंचवटे प्रत्येकालाच असतात, अगदी जन्मापासून. त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, आणि त्यांचं काम नळातल्या वॉशरचं, म्हणजे दार घट्ट मिटायला मदत करायची, गॅस किंवा पातळ काही नकळत बाहेर येऊ द्यायचं नाही. दार मिटून ठेवणाऱ्या दाबापैकी साधारण 15 ते 20 टक्के दाब या उंचवट्यांमुळेच असतो. म्हणजे ती जागा रोगट नाही, ती हवीच आहे. वर्षानुवर्षं कुंथून, कडक शौचामुळे, गरोदरपणात किंवा नुसत्या वयाने त्यांना आतून धरून ठेवणारे धागे सैल पडतात, मग ते उंचवटे खाली घसरतात, फुगतात, घासले जाऊन रक्त यायला लागतं. डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या ब्रिटिश सर्जनने 1975 साली हे घसरण्याचं गणित मांडलं, त्याआधी लोक त्याला पायातल्या व्हेरिकोज व्हेन्ससारखंच समजत होते. हे सगळं सांगण्याचं कारण असं की मूळव्याध समूळ नष्ट करतो असं कुणी म्हणालं की माझे कान टवकारतात, अहो समूळ काढून टाकलं तर उद्या वारा सरकला तरी कळणार नाही! चांगला सर्जन जे सुटलंय, लोंबतंय, तेवढंच काढतो किंवा वर बांधतो.

आतली मूळव्याध आणि बाहेरची मूळव्याध हाही फरक महत्त्वाचा आहे. गुदमार्गात एक रेषा असते, तिच्या वर दुखणं कळत नाही आणि तिच्या खाली बाहेरच्या कातडीसारखं सगळं कळतं, सुई टोचली तरी जीव जातो. त्यामुळे रेषेच्या वरची, म्हणजे आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. संडास झाल्यावर लालभडक रक्त टपटप पडतं, कधी पिचकारीसारखं भांड्याला लागतं, बघून माणूस घाबरतो पण दुखत काही नाही. तेव्हा कुणी म्हणालं की मला जाताना चिरल्यासारखं होतं आणि नंतर तास दोन तास ठणका राहतो, तर मी मनातल्या मनात फिशर म्हणते, म्हणजे गुदद्वाराची कातडी कडक शौचाने फाटून पडलेली चीर. ती दुखते म्हणून तिथला स्नायू आवळतो, आवळला की रक्तपुरवठा कमी होऊन चीर भरत नाही, आणि दुखतं म्हणून माणूस जायचं टाळतो म्हणजे पुढची संडास आणखी कडक. असं ते चक्र आहे. त्याला स्नायू सैल करणारं मलम लागतं, डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं, ते दीड दोन महिने नेमाने लावलं तर बऱ्याच चिरा ऑपरेशनशिवाय भरतात. मूळव्याधीची ट्यूब लावून ती चीर वर्षभर तशीच ठेवलेले पेशंट मी पाहिलेत. भगंदराचं आणखी वेगळं, तिथे बाजूला एक छोटं तोंड असतं, त्यातून पू येतो, मधे बंद होतं मग सुजून पुन्हा फुटतं. ते मलमाने जात नाही, त्याला सर्जनच लागतो.

आणि मग उरतो तो ज्याचं नाव कुणाला काढायचं नसतं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. रक्त पडतं, कधी लाल कधी काळपट, शौचात मिसळलेलं, बरोबर शेंबडासारखं चिकट, आणि जाऊन आलं तरी अजून काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं, कधी घट्ट कधी पातळ असं पोटाचं वेळापत्रक काही आठवडे बिघडलेलं असतं, वजन उतरतं, थकवा येतो, हिमोग्लोबिन खाली. यातलं पहिलं लक्षण मूळव्याधीसारखंच, त्यामुळे पाईल्स असणार म्हणून सहा महिने जातात आणि तेच सहा महिने महागात पडतात. हे म्हाताऱ्यांचं दुखणं राहिलेलं नाही. अमेरिकेत काही त्रास नसलेल्या माणसांनीही तपासणी कधी सुरू करावी याचं वय 2021 मध्ये 50 वरून 45 वर आणलं ते उगाच नाही, आणि हॉलिवूडचा नट चॅडविक बोसमन 2020 मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला तेव्हा 43 वर्षांचा होता. रक्त पडणाऱ्या बहुतेकांना कॅन्सर नसतो हे पण तितकंच ठामपणे सांगते, नाहीतर हे पत्र वाचून लोक रात्रभर जागे राहतील. पण नाही हे कुणीतरी बघून सांगायला हवं, जाहिरातीवर विसंबून नाही. आणि मूळव्याध आहे म्हणून दुसरं काही नसेल असंही नसतं, एकाच माणसाला दोन्ही असू शकतं, म्हणून हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर सगळं खापर मूळव्याधीवर फोडायच्या आधी आतडं दुर्बिणीने बघतात.

तपासणीची भीती सगळ्यात जास्त असते आणि खरं सांगायचं तर तपासणी पाच मिनिटांची. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, डॉक्टर आधी बाहेरून बघतात, मग जेली लावून बोटाने, मग छोटी नळी घालून उजेडात. फिशर असेल तर बोट घालतच नाहीत, नुसतं बघून कळतं आणि दुखवायचं कारण नसतं. बोटाने तपासणी कशाला असं बरेच जण विचारतात, तर आतली मूळव्याध इतकी मऊ असते की ती बोटाला लागतच नाही, बोट घालतात ते गाठ नाही ना हे बघायला. आणि हो, सोनोग्राफीत पाईल्स आली का असं विचारणारे रोज भेटायचे, पोटाच्या सोनोग्राफीत ती दिसत नाही हो. ती नळीतूनच दिसते.

लाजेचं म्हणाल तर जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष असताना डिसेंबर 1978 मध्ये मूळव्याधीच्या त्रासाने त्यांना दिवसभराची कामं रद्द करावी लागली, आणि ही बातमी जगभर छापून आली. इजिप्तचे अध्यक्ष सादात यांनी म्हणे आपल्या जनतेला त्यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. नंतर दोनच वर्षांनी, 1980 साली, अमेरिकेतला बेसबॉलपटू जॉर्ज ब्रेट याच दुखण्याने वर्ल्ड सिरीजचा सामना अर्धवट सोडून बाहेर गेला, छोटी शस्त्रक्रिया करून घेऊन पुढच्या सामन्यात होमरन मारला. आणि आपण फॅमिली डॉक्टरलासुद्धा सांगत नाही, ऑपरेशन होऊन घरी येईपर्यंत बायकोला पत्ता नाही असेही महाभाग असतात.

आता उपचार. डॉक्टर आतल्या मूळव्याधीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत नुसतं रक्त पडतं, बाहेर काही येत नाही. दुसरीत कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो, तिसरीत बोटाने आत ढकलावा लागतो, चौथीत ढकलला तरी जात नाही. उपचार पायरीप्रमाणे आणि त्रासाप्रमाणे ठरतात, पॅकेजप्रमाणे नाही. पहिल्या दुसऱ्या पायरीच्या माणसाला थेट ऑपरेशन टेबलावर घ्यायला कुणी निघालं असेल तर तिथून उठून दुसऱ्या सर्जनचं मत घ्यावं, माझं स्पष्ट मत आहे. आणि त्रास काहीच नसेल, दुसऱ्याच कशासाठी तपासताना सहज दिसली असेल, तर काहीच करायचं नसतं.

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात कंटाळवाणा उपचार म्हणजे चोथा, फायबर. यावर कुणाचा विश्वास बसत नाही कारण त्यात मशीन नाही. पण फायबर घेणाऱ्यांमध्ये रक्त पडत राहण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं हे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब करून दाखवलेलं आहे. दिवसाला 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जायला हवा, खाण्यातून होत नसेल तर इसबगोलचा भुसा आहे. फक्त दोन गोष्टी, एक म्हणजे एकदम वाढवू नका, पोट फुगून गॅस होतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो, आठवड्याआठवड्याने वाढवा. आणि दुसरं, भुसा भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचा, कोरडा घेतला तर तो आतच गोळा होऊन बसतो म्हणजे उलटाच प्रकार. फरक कळायला महिना दीड महिना लागतो, चार दिवसांत काही झालं नाही म्हणून ट्यूबकडे पळू नका.

त्याच्याच बरोबरीने कुंथणं बंद. कळ आली की जायचं, नाही आली तर बसून वाट बघायची नाही, पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं. कमोडवर बसलं की खालची जागा आधाराशिवाय लोंबती राहते, रक्त तिथे साठतं, आणि हल्ली मोबाईल आत गेल्यापासून लोक पंधरा वीस मिनिटं उठत नाहीत. 2025 साली बोस्टनच्या एका हॉस्पिटलने 125 माणसांचा अभ्यास छापला, त्यात संडासात फोन वापरणाऱ्यांमध्ये मूळव्याधीची शक्यता 46 टक्के जास्त निघाली. अभ्यास छोटा आहे, फोनमुळेच होते असं त्यातून सिद्ध होत नाही, पण फोन बाहेर ठेवायला काय जातं हो आपलं. कमोडवर पायाखाली छोटा पाट घेतला, गुडघे वर आले, तर जोर कमी लावावा लागतो, हे पण करून बघण्यासारखं आहे.

तिखटाने मूळव्याध होते हे प्रत्येक घरात ऐकू येतं. इटलीतल्या सर्जननी 2006 साली मूळव्याधीच्या पेशंटना मिरचीच्या कॅप्सूल आणि खोट्या कॅप्सूल देऊन तपासलं, त्रासात काही फरक पडला नाही. चीर असेल तर तिखटाने आग होते ती गोष्ट वेगळी, आणि तिथेही आधी चीर आहे का मूळव्याध हे माहीत पाहिजे, म्हणजे पुन्हा तपासणीवरच येतो आपण.

मलमं आणि गोळ्यांवर फार लिहीत नाही. बधिर करणाऱ्या मलमाने दोन घटका बरं वाटतं, स्टिरॉइडवाल्याने सूज आणि खाज उतरते पण एका आठवड्याच्या वर डॉक्टरांना न विचारता लावायचं नाही, तिथली कातडी पातळ होते आणि मग खाज आणखी वाढते. डायोस्मिनच्या गोळ्यांनी रक्त थांबायला मदत होते. यातल्या कशानेही सैल झालेला कोंब पुन्हा वर जाऊन चिकटत नाही. कोमट पाण्याच्या टबात दहा पंधरा मिनिटं बसणं मात्र सगळ्यांनाच उपयोगी, स्नायू सैल पडतो, आणि कृपा करून त्या पाण्यात जंतुनाशक ओतू नका, नुसतं पाणी. जास्त टाकलं म्हणजे जास्त साफ असं समजून भाजून घेतलेली माणसं मी ड्रेसिंगला पाहिलीत. दुसरं म्हणजे कोंब जाळणारी किंवा झडवणारी म्हणून जी औषधं आणि इंजेक्शनं शिक्का डिग्री नसलेला कुणीतरी देतो, त्याने कोंबाबरोबर शेजारचंही जळतं, मग ती जागा भरताना आकसते आणि संडासची वाटच अरुंद होऊन बसते. ते दुरुस्त करणं मूळ दुखण्यापेक्षा अवघड.

फायबर आणि सवयी बदलूनही रक्त पडत असेल किंवा कोंब येत असेल तर पुढची पायरी म्हणजे बँडिंग, आणि याची जाहिरात कुणी करत नाही म्हणून मी करते. नळीतून बघत कोंबाच्या बुडाशी छोटा रबर बँड बसवतात, रक्तपुरवठा तुटतो, आठवडाभरात तेवढा भाग सुकून पडून जातो आणि तिथे जखम भरताना उरलेलं वर चिकटून बसतं. बॅरन नावाच्या अमेरिकन सर्जनने 1963 मध्ये हे सोपं करून दाखवलं, अजून तेच चालू आहे. ओपीडीत होतं, भूल लागत नाही कारण बँड त्या रेषेच्या वर बसतो. बसवल्या बसवल्या जोरात दुखलं तर तिथेच टेबलावर ओरडून सांगा, बँड खाली लागलाय, तो काढून परत लावतात, घरी जाऊन सहन करत बसू नका. नंतर एक दोन दिवस जडपणा आणि संडासला आल्यासारखं वाटतं, तेव्हा जाऊन कुंथायचं नाही. आठवड्या दोन आठवड्यांच्या दरम्यान थोडं रक्त येऊ शकतं. ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं आणि लघवी अडकली, तर मात्र मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठायचं, हे क्वचित होतं पण झालं तर जिवावरचं असतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, अशा माणसांना सहसा बँड लावत नाहीत, कोंबात औषधाचं इंजेक्शन देऊन तो आकसवायचा पर्याय त्यांच्यासाठी असतो.

बँड लावून परत होतं असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. ब्रिटनमध्ये 372 पेशंटवर झालेला एक अभ्यास 2016 साली लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकात आला, एकदाच बँड लावलेल्यांपैकी 49 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, आणि भूल देऊन कोंबाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बांधायची जी पद्धत आहे तिच्यात 30 टक्के. वाचलं की वाटतं बँड निकामी. पण गरज पडली तर दुसऱ्यांदा बँड लावला असं धरून हिशोब केला तर दोन्हीतला फरक बराच कमी झाला, आणि दुखणं बँडवाल्यांना कमी. म्हणजे बँडिंगला दोन किंवा तीन बैठका लागू शकतात हे आधीच सांगितलं तर कुणाचा भ्रमनिरास होत नाही. एकाच बैठकीत कायमचं, हे वाक्य मला म्हणूनच खटकतं.

ऑपरेशन लागतं ते मोठ्या तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला, किंवा आतली बाहेरची दोन्ही एकत्र असतील तेव्हा, किंवा बाकी सगळं करून थकल्यावर. जुनं ऑपरेशन म्हणजे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलच्या मिलिगन आणि मॉर्गन यांचं, 1937 चं. कोंब कापून काढायचे, मधे चांगल्या कातडीचे पट्टे ठेवायचे आणि जखमा उघड्याच भरू द्यायच्या. फर्ग्युसनने 1959 मध्ये टाके घालून बंद करायची पद्धत आणली. दोन्ही दुखतात, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही, दोन ते चार आठवडे दुखतं आणि पहिली संडास तर पेशंट जन्मभर विसरत नाही. पण परत होण्याचं प्रमाण यातच सगळ्यात कमी. स्टेपलर 1998 पासून इटलीच्या लोंगोमुळे पसरला, त्यात कोंब कापत नाहीत, वरचा पट्टा कापून सगळं वर ओढून पिना मारतात, पहिले काही आठवडे दुखणं बरंच कमी. मग 2016 मध्येच ब्रिटनमधल्या 777 पेशंटवर दोन्ही पद्धतींची तुलना केलेल्या अभ्यासाचा निकाल आला आणि दोन वर्षांचा विचार करता जुन्या ऑपरेशनचे पेशंट जास्त बरे राहिले, स्टेपलरमध्ये पुन्हा त्रास जास्त. तेव्हापासून त्याचा उत्साह बराच ओसरला.

लेसर आता त्या जागी आलाय. बारीक तार कोंबात घालून उष्णतेने आतून आकसवतात. दुसऱ्या तिसऱ्या पायरीच्या, फार मोठ्या नसलेल्या कोंबांना चालतं, दुखणं कमी, माणूस लवकर कामावर जातो, हे सगळं खरं. पण कापून काढण्याच्या मानाने परत होण्याची शक्यता जास्त, आणि मोठे लोंबणारे कोंब त्याने जात नाहीत. मला लेसरशी भांडण नाही. लेसर कुठल्या पायरीला, माझी पायरी कुठली, आणि बँडिंगने का नाही होणार, हे तीन प्रश्न विचारा, उत्तर नीट मिळालं तर खुशाल करून घ्या.

ऑपरेशननंतरचं कुणी सांगत नाही ते सांगते कारण ते आमच्याकडेच यायचं. दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी संडास घट्ट होते, म्हणून शौच मऊ करणारं औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचं, दुखेल म्हणून जेवण सोडायचं तर अजिबात नाही. चोथाच नसेल तर खडा होतो आणि मग खरं दुखतं. काही सर्जन मेट्रोनिडाझोल हे जंतूंवरचं औषध देतात, त्याने दुखणं कमी होतं असं आढळलंय. पुरुषांना पहिल्या रात्री कधीकधी लघवी अडकते, लाजू नका, कोमट टबात बसून तिथेच करा, बहुतेक वेळा होऊन जाते. आणि सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या मधे खपली पडताना अचानक जास्त रक्त जाऊ शकतं, म्हणून तेवढे दोन आठवडे लांबचा प्रवास ठरवू नका. थोडे डाग चालतात, गुठळ्या पडायला लागल्या किंवा चक्कर आली तर थांबायचं नाही.

एक प्रकार राहिला. काल काही नव्हतं आणि आज बाहेर निळसर कडक गाठ, बसता येत नाही, ठणका. ही बाहेरच्या शिरेत रक्त गोठून झालेली गाठ असते. पहिल्या 72 तासांत आलात आणि दुखणं खूप असेल तर बधिर करून काढून टाकता येते, लगेच सुटका. उशीर झाला असेल तर सहसा कापत नाहीत कारण ती आपोआप ओसरायला लागलेली असते, टबात बसा, दुखण्याची गोळी घ्या, आठवडा दोन आठवड्यांत जिरते, नंतर कातडीची छोटी पिशवी राहते तिने काही बिघडत नाही. सुईने घरी फोडू नका एवढंच. गरोदर बायकांना शेवटच्या महिन्यांत होतं ते बहुतेक वेळा बाळंतपणानंतर उतरतं, तोपर्यंत फायबर, पाणी, टब, डाव्या कुशीवर झोपणं आणि डॉक्टरांना विचारून दिलेलं मलम, ऑपरेशनची घाई त्यात कुणी करत नाही.

तर संपादकसाहेब, जाहिराती छापा, पण त्यांच्या शेजारी अधूनमधून चार ओळींची एक चौकट तुमच्या खर्चाने छापता येईल का बघा. त्यात असं लिहा की रक्त पडत असेल तर आधी जनरल सर्जनला दाखवा. शौचाच्या सवयी काही आठवड्यांपासून बदलल्या असतील, रक्त काळपट किंवा मिसळलेलं असेल, वजन उतरलं असेल, हिमोग्लोबिन कमी असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर पाईल्स म्हणून बसून न राहता आतड्याची दुर्बीण करायची का हे विचारा. तपासायला जाताना उपाशी राहावं लागत नाही, एनिमा घेऊन यावं लागत नाही, चालू असलेल्या गोळ्यांची यादी तेवढी बरोबर न्यावी, आणि लेडी डॉक्टर हवी असेल तर फोनवरच सांगावं, बहुतेक ठिकाणी सोय करतात.

आपली एक नियमित वाचक,
निवृत्त सिस्टर